टोपली नसलेली बंबलबी

वेस्टॅलिस ही एक बंबलबी, म्हणजे मधमाशीच्या नात्यातली जाडजूड केसाळ माशी, ओळखायची असेल तर सगळ्यात आधी मागचा पाय बघायचा. पिवळे पट्टे, शेपटीचा पांढरा रंग वगैरे नंतर, कारण रंगाच्या भरवशावर बंबलबी ओळखायला गेलं की गोंधळ ठरलेलाच, उन्हानं केस विटतात, झिजतात, एकाच जातीत चार तऱ्हा दिसतात. पाय सहसा दगा देत नाही. नेहमीच्या बंबलबीच्या मादीचा मागचा पाय लेन्सखाली धरला की नडगीचा भाग बाहेरच्या बाजूनं रुंद, चपटा आणि एकदम चकचकीत दिसतो, आणि त्याच्या दोन्ही कडांना लांब ताठ केसांची रांग आत वळलेली असते. फुलांवरून फिरताना अंगाला लागलेले पराग ती पायांनी झाडून काढते, थोडा मकरंद घालून ओलसर करते आणि त्या चकचकीत जागेवर दाबून दाबून त्याचा गोळा बसवते. ही तिची परागाची टोपली. आता वेस्टॅलिसच्या मादीचा तोच पाय बघा. नडगी बाहेरून फुगीर, निस्तेज आणि सगळीकडे केसच केस. चपटी जागा नाही, कडेची रांग नाही, म्हणजे गोळा बसवायचा कुठे हा प्रश्नच येत नाही.

तर ही बॉम्बस वेस्टॅलिस. युरोपच्या बऱ्याच भागात, उत्तर आफ्रिकेत आणि पश्चिम आशियाच्या काही भागात सापडते. स्वतः घरटं बांधत नाही, पराग गोळा करत नाही, आणि हिच्या जातीत कामकरी माश्या जन्मालाच येत नाहीत, फक्त माद्या आणि नर. बॉम्बस टेरेस्ट्रिस नावाची दुसरी बंबलबी आहे, जमिनीखाली उंदरांच्या जुन्या बिळात वगैरे घरटं करणारी, तिच्या चालू घरट्यात घुसायचं, तिथल्या राणीची जागा घ्यायची आणि तिच्या कामकरी मुलींकडून आपली पिल्लं वाढवून घ्यायची, हा हिचा संसार. कोकिळेचं आणि कावळ्याचं आपल्याला माहीत असतं म्हणून अशा माश्यांना कोकिळा माश्या म्हटलं की चटकन कळतं, पण कोकिळा अंडं टाकून उडून जाते, वेस्टॅलिस मात्र त्या घरात राहायलाच येते. हा फरक फार मोठा आहे आणि खाली सगळं त्याच्यावरच आहे.

मला या माशीबद्दल एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. हिला आपण जवळपास दीडशे वर्षं हिच्यात काय नाही यावरून ओळखत आलो. टोपली नाही, कामकरी नाहीत, घरटं नाही. आणि त्या "नाही"च्या यादीवरूनच हिला एक वेगळा जीनस (जवळच्या जातींचा गट) देऊन बंबलबींच्या घराबाहेर काढलं. पण ती आतून बाहेरून बंबलबीच आहे, आणि हे कळल्याशिवाय ती टेरेस्ट्रिसच्या घरट्यात टिकते कशी हेच नीट कळत नाही.

नावापासून सुरू करते. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसनं १७५८ मधे सगळ्याच माश्यांना एपिस या एका जीनसमधे टाकलं होतं, मधमाशी पण एपिस, बंबलबी पण एपिस, टेरेस्ट्रिस पण त्याचीच, एपिस टेरेस्ट्रिस. वेस्टॅलिसचं नाव १७८५ मधे पॅरिसच्या परिसरातल्या कीटकांवरच्या एका पुस्तकातून आलं. पुस्तक फुर्क्रुआचं, नाव दिलेलं जॉफ्रुआनं, म्हणून आजही शास्त्रीय नावापुढे "जॉफ्रुआ, फुर्क्रुआमधे, १७८५" असं काहीतरी अवघडलेलं लिहावं लागतं. १८०२ मधे लात्रेयनं बंबलबींसाठी बॉम्बस हा जीनस काढला. आणि मग १८३२ मधे लेपलतिएनं या टोपली नसलेल्या सगळ्या जाती उचलून सिथिरस नावाच्या नवीन जीनसमधे ठेवल्या. त्याच्या पाठोपाठ इंग्लंडमधे न्यूमननं त्याच गटाला अपॅथस म्हटलं, त्यामुळे जुन्या ब्रिटिश कॅटलॉगमधे वेस्टॅलिस अपॅथस म्हणून सापडते आणि नवीन माणूस शोधून शोधून थकतो.

लेपलतिएला दोष द्यावासा मला वाटत नाही. त्याच्यासमोर पेटीत टोचलेल्या माश्या होत्या, आणि पेटीत टोपली असणं नसणं हा फारच ठसठशीत फरक दिसतो. डार्विनलासुद्धा हाच मुद्दा भावला होता, त्यानं लिहिलंय की या परजीवी माश्यांची गोष्ट कोकिळेपेक्षाही जास्त नवलाची आहे कारण यांचा नुसता स्वभाव नाही तर शरीराची रचनाही बदललीये, पराग गोळा करायची साधनंच यांच्याकडे उरलेली नाहीत. बरोबरच आहे ते. अडचण अशी की हरवलेली गोष्ट नात्याबद्दल फार कमी सांगते. पराग गोळा न करणाऱ्या माश्या जगात वेगवेगळ्या कुळांत वेगवेगळ्या वेळी झाल्यात, नोमाडा आहे, स्फेकोडिस आहे, सीलिऑक्सिस आहे, या सगळ्यांकडे पराग न्यायची साधनं नाहीत आणि म्हणून कोणी त्यांना एका कुटुंबात बसवत नाही. जिथे गरज संपते तिथे अवयव जातो. नातं बघायचं तर काय शिल्लक राहिलंय ते बघावं लागतं.

या नोमाडा वगैरे मंडळींबद्दल दोन शब्द, कारण "परजीवी माशी" म्हटलं की बहुतेक वेळा त्यांच्याबद्दलच बोललं जातं. नोमाडा बघायला गांधिलमाशीसारखी, पिवळी काळी किंवा लालसर, जवळपास केस नसलेली. तिचे यजमान, म्हणजे जिच्या घरट्यावर ती जगते त्या माश्या, बहुतेक अँड्रीना, जमिनीत एकेकट्या बिळं करणाऱ्या माश्या. अँड्रीना बाहेर गेली की नोमाडा बिळात शिरते, खोलीच्या भिंतीत अंडं खुपसून निघून जाते, आणि त्यातून निघालेली अळी कोयत्यासारख्या जबड्यानं यजमानाचं अंडं किंवा अळी मारून परागाचा साठा खाते. यात यजमान मादीशी समोरासमोर यायची गरज नसते. चोरी साठ्याची आहे. वेस्टॅलिसला साठा पुरत नाही, तिला जिवंत, चालतं घर लागतं, शेकडो हात लागतात. म्हणून तिचा सगळा डाव वेगळा आहे.

आता तिचं वर्ष. टेरेस्ट्रिसच्या राण्या थंडीतल्या झोपेतून बंबलबींमधे लवकर उठणाऱ्यांपैकी, थंडी सरत आली की बाहेर. वेस्टॅलिसच्या माद्या त्यांच्यानंतर काही आठवड्यांनी उठतात, आणि हा उशीर फार मोलाचा आहे. तेव्हा टेरेस्ट्रिसच्या राणीनं जागा शोधून, मेणाच्या खोल्या करून, पहिल्या काही कामकरी मुली वाढवलेल्या असतात. फार लवकर घुसलं तर काम करायला पुरेसे हात नाहीत आणि पुढे वाढवणारं कोणी नाही. फार उशिरा घुसलं तर कामकरी इतक्या झालेल्या असतात की सगळ्या मिळून तिला वेढतात, चेंडूसारखी घेरून डंख मारून मारून संपवतात. घरटी उकरून बघणाऱ्यांना आत मेलेल्या कोकिळा माद्या सापडतात, ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. म्हणजे आपण समजतो तसा हा आयता सौदा नाहीये, वेळेची खिडकी छोटी आणि चुकलं तर जीव जातो.

या दिवसांत तिला बाहेर बघितलंत तर तिचं उडणंच वेगळं वाटतं. संथ, जड, जमिनीलगत, बांधाच्या कडेनं, गवताच्या बुडख्यात, खालच्या पट्टीतला आवाज करत. फुलावर बसली तर निवांत बसते, विलोच्या तुऱ्यांवर, डॅन्डेलियनवर, मकरंद पिते, घाई नाही, कारण घरी वाट बघणारं कोणी नाही. पंख धुरकट काळपट. पाठीवर पुढच्या बाजूला एक गडद पिवळा पट्टा, पोटावर केस इतके विरळ की खालचं काळं चकचकीत कवच दिसतं, आणि शेपटीकडे पांढऱ्या भागाच्या वर दोन्ही बाजूंना लिंबासारखे पिवळे ठिपके. टेरेस्ट्रिसची राणी यापेक्षा जास्त मखमली दिसते.

घरटं ती वासानं शोधते. बंबलबी चालते तिथे तिच्या पायांचा, अंगाचा मेणासारखा तेलकट वास राहतो, आणि कोकिळा माद्या आपल्या यजमानाचा हा माग इतरांच्या मागापासून वेगळा ओळखतात हे प्रयोगांत दिसलंय. दार सापडलं की आत. काही वेळा ती लगेच भांडण काढत नाही, घरट्याच्या कडेला, कचऱ्यात, खोल्यांच्या खाली दबकून बसते, अंगाला तिथला वास लागू देते. मग हळूहळू मधे येते.

तिचं शरीर यासाठीच घडलंय आणि इथे टोपली नसलेल्या पायापेक्षा कितीतरी बघण्यासारखं आहे. कवच नेहमीच्या बंबलबीपेक्षा जाड, पोटाचे भाग एकमेकांवर घट्ट बसलेले, त्यामुळे कामकरींची नांगी घुसायला फट सापडत नाही, घसरते. पोटाचं टोक खाली आणि पुढे वळलेलं. जबडे भक्कम. नांगी लांब आणि ताकदीची. पोटाच्या शेवटच्या भागाखाली दोन उंच कडा असतात, लेन्सखाली बाजूनं उजेड सोडला की अगदी स्पष्ट उठून दिसतात, आणि प्रत्येक जातीत त्यांचा आकार वेगळा, म्हणून मादी नक्की करायला या कडा फार उपयोगी. अंडाशय बघितलं तर नेहमीच्या बंबलबीत प्रत्येक बाजूला चार नळ्या असतात, कोकिळा बंबलबीत त्याहून जास्त. तिला थोड्या दिवसांत खूप अंडी घालायची असतात, कारण कामकरी जुन्या होत जाणार आणि नवीन येणार नाहीत.

राणीशी गाठ पडते तेव्हा बहुतेक वेळा राणीच हरते. बंबलबींचे अभ्यासक स्लेडन यांनी इंग्लंडमधे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेरेस्ट्रिसच्या घरट्यांत वेस्टॅलिसचं हे घुसणं बारकाईनं बघून लिहून ठेवलंय, राणी डंखानं मरते. १९८१ मधे प्रयोगशाळेतल्या एका वसाहतीत वेस्टॅलिस मादीनं घर कसं काबीज केलं याचं वर्णन छापून आलं, त्यानंतर इतरांनीही कोकिळा माद्यांची वागणूक टिपली. एक गोष्ट परत परत दिसते ती अशी की ती कामकरीला पकडते, पायांत आवळते, पोट वाकवून डंख मारायच्या हालचाली करते आणि पुष्कळदा न मारताच सोडून देते. विशेषतः ज्या कामकरी स्वतः अंडी घालायच्या तयारीत असतात त्यांच्यावर तिचं लक्ष. यजमानाची अंडी आणि लहान अळ्या ती खाते किंवा बाहेर फेकते. मोठ्या अळ्या आणि कोश मात्र बऱ्याचदा राहू देते, त्यातून अजून कामकरी निघणार असतात ना.

इथे थांबून टेरेस्ट्रिसचं साधं, कोणी न घुसलेलं घरटं आठवायला हवं. तिथे सुद्धा हंगामाच्या शेवटी शेवटी राणी आणि मुलींची भांडणं होतात. कामकरींनी नराशी मीलन केलेलं नसतं, पण फलन न झालेल्या अंड्यातून नर निघतो, म्हणून त्या अंडी घालायला लागतात, राणी त्यांची अंडी खाते, त्या राणीची अंडी खातात, धक्काबुक्की होते, कधी राणीच मारली जाते. आणि वसंतात टेरेस्ट्रिसच्या राण्या एकमेकींची घरटी बळकावतात, उशिरा उठलेली राणी दुसरीच्या तयार घरट्यात घुसते, मारामारी होते, जिंकेल ती त्या मुलींची राणी. म्हणजे घुसणं, राणीला मारणं, कामकरींना दाबात ठेवणं, अंडी खाणं, यातली एकही गोष्ट वेस्टॅलिसनं नवीन शोधलेली नाही. हे सगळं बंबलबीच्या घरातलंच आहे. तिनं फक्त बाकीचं सोडून दिलं आणि एवढंच ठेवलं. मला हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हापासून "वेगळा जीनस" ही कल्पना पटेनाशी झाली.

वासाचं पण तसंच. बंबलबीच्या अंगावर तेलकट हायड्रोकार्बनचा थर असतो आणि त्यातल्या अल्कीन नावाच्या रेणूंची मांडणी प्रत्येक जातीची आपली आपली असते, घरातलं कोण आणि परकं कोण हे त्यावरून कळतं. २०१० मधे चौदा जाती तपासलेल्या एका अभ्यासात, त्यातल्या पाच कोकिळा होत्या, असं निघालं की एकाच यजमानाला धरून राहणाऱ्या तीन कोकिळांनी आपल्या यजमानाची अल्कीनची मांडणी जवळपास तशीच्या तशी उचललीये. आणि जिथे ही नक्कल कच्ची होती तिथे कोकिळेच्या अंगावर डोडेसिल ॲसिटेट नावाचं द्रव्य सापडलं. हे द्रव्य आधी नॉर्वेजिकस या कोकिळेत सापडलं होतं, तिची यजमान हिप्नोरम, आणि हिप्नोरमच्या कामकरी त्या वासापासून लांब पळतात. दोन वेगळ्या वाटा, एकीत घरचं होऊन शिरायचं, दुसरीत कोणी जवळच येऊ नये असं करायचं. पण दोन्ही वाटा बंबलबीच्या रसायनातूनच निघतात, ज्या प्राण्याच्या अंगात मुळातच तोच कारखाना आहे त्याला यजमानाचा वास जुळवणं सोपं जाणार हे उघड आहे. (एक कोळी किंवा भुंगेरा हे करू शकतो, करतातही काही मुंग्यांच्या वारुळात, पण त्याला फार लांबून यावं लागतं.)

मग वेस्टॅलिसची अंडी, अळ्या, कोश, सगळं टेरेस्ट्रिसच्या कामकरी वाढवतात. खोल्या करायला लागणारं मेण त्याच घरातलं, पराग त्यांनी आणलेला. उन्हाळा लागायच्या सुमाराला नर बाहेर यायला लागतात आणि मग नव्या माद्या. नर थिसलवर, क्लोव्हरवर, ब्लॅकबेरीच्या फुलांवर आळसावून बसलेले दिसतात, झुडपांच्या ठरावीक पानांवर, फांद्यांवर वास लावून त्याच फेऱ्या परत परत मारतात, माद्या त्या वाटेवर येतात. मीलन झालेली मादी भरपूर मकरंद पिऊन जमिनीत जाऊन झोपते. नर मरतात. जुनं घरटं कामकरी संपत जातात तसं विझत जातं.

नर ओळखणं हा वेगळाच त्रास, कारण नराला कुठल्याच बंबलबीत टोपली नसते. वेस्टॅलिसची जुळी वाटावी अशी बोहेमिकस आहे, ती ल्यूकोरम आणि तिच्या जवळच्या जातींच्या घरट्यात घुसते, आणि या दोघींच्या नरांची जननेंद्रियं इतकी सारखी की त्यावरून नक्की करणं कठीण. मिशा बघायच्या. वेस्टॅलिसच्या नरात मिशीचा तिसरा तुकडा पाचव्यापेक्षा स्पष्ट आखूड असतो, बोहेमिकसमधे दोन्ही जवळपास सारखे. बोहेमिकसचं नाव पण सरळ नाही, १८३७ मधे साइडलनं दिलेलं, पण ब्रिटनमधे पुष्कळ वर्षं तिला डिस्टिंक्टस म्हणत, ते पेरेझनं १८८४ मधे दिलेलं नाव, नंतर कळलं की दोन्ही एकच. जुन्या लेबलांवर डिस्टिंक्टस दिसलं की बोहेमिकस समजायचं.

आता परत नात्याकडे. १९०९ मधे कार्लो एमेरीनं मुंग्यांवरून एक गोष्ट मांडली, की घरात घुसणारे परजीवी आपल्या यजमानाचे जवळचे नातेवाईक असतात. हा एमेरीचा नियम. कडक अर्थ घेतला तर प्रत्येक परजीवी जात आपल्या यजमान जातीतूनच फुटली असं म्हणावं लागतं, वेस्टॅलिस टेरेस्ट्रिसमधून, रुपेस्ट्रिस लॅपिडेरियसमधून, कॅम्पेस्ट्रिस पास्कुओरममधून, सिल्व्हेस्ट्रिस प्रॅटोरममधून. तसं असतं तर सिथिरस हा गटच खोटा ठरला असता. पण डीएनएनं तसं सांगितलं नाही. कॅमरन, हाइन्स आणि विल्यम्स यांनी २००७ मधे पाच जनुकांवरून दोनशेहून जास्त बंबलबींचं वंशवृक्ष मांडलं, त्यात सगळ्या सिथिरस एका फांदीवर आल्या, म्हणजे टोपली एकदाच गेली, एका पूर्वजात, आणि मग त्या पूर्वजाच्या वंशजांनी वेगवेगळे यजमान धरले. आणि ती फांदी बंबलबींच्या झाडाच्या आतच आहे, बाजूला नाही. सिथिरसला वेगळा जीनस ठेवायचा तर बॉम्बसचे तुकडे करावे लागतील, नाहीतर बॉम्बस म्हणजे "सगळ्या बंबलबी, एक फांदी तोडून" असं विचित्र काहीतरी होतं. तज्ज्ञ १९९० च्या दशकातच सिथिरसला बॉम्बसचा उपजीनस म्हणायला लागले होते, आणि २००८ मधे विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी बंबलबींचे उपजीनस छाटून पंधरावर आणले त्यात सिथिरस त्या पंधरातला एक. माझ्या मते इतक्या वर्षांनी तिला घरात घेतलं हे फार बरं झालं.

एमेरीचं म्हणणं सैल अर्थानं खरंच राहतं, बंबलबीची परजीवी बंबलबीच. आणि कुठे कुठे नातं त्याहून जवळचंही दिसतं. आल्प्समधे इनएक्स्पेक्टॅटस म्हणून एक दुर्मिळ बंबलबी आहे, टकाल्त्सूनं १९६३ मधे वर्णन केलेली, सिथिरस नाही, थोरॅकोबॉम्बस उपजीनसमधली. तिच्या पायाला टोपली आहे. पण तिच्या कामकरी नाहीत आणि ती रुडरेरियसच्या घरट्यावर जगते, आणि रुडरेरियस तिच्याच उपजीनसमधली. उत्तर ध्रुवाकडे हायपरबोरियस आहे, तीही दुसऱ्या बंबलबीची घरटी घेणारी, तीही सिथिरस नाही. म्हणजे ही वाट बंबलबींमधे एकापेक्षा जास्त वेळा चालली गेलीये आणि वाटेवरचे वेगवेगळे टप्पे आज जिवंत बघायला मिळतात. टेरेस्ट्रिसची राणी जी कधीतरी शेजारणीचं घर बळकावते, इनएक्स्पेक्टॅटस जिची टोपली अजून आहे पण वापरात नाही, आणि वेस्टॅलिस जिची गेली. मला विचाराल तर सगळ्या विषयात सुंदर काही असेल तर हे. नुसता पाय बघून जीनस पाडणाऱ्या पद्धतीत इनएक्स्पेक्टॅटस साधी बंबलबी म्हणून निसटली असती.

आणि हे फक्त म्युझियमच्या पेट्यांपुरतं नाहीये. बोहेमिकसचंच बघा. उत्तर अमेरिकेत ॲश्टनाय नावाची कोकिळा बंबलबी होती, क्रेसननं १८६४ मधे नाव दिलेली, अलीकडे तिला बोहेमिकसमधेच धरतात, एकच जात, दोन खंडांत पसरलेली. तिचे तिकडचे यजमान ॲफिनिस आणि टेरिकोला या बंबलबी. ॲफिनिस इतकी घटली की २०१७ मधे अमेरिकेनं तिला धोक्यातल्या जातींच्या यादीत घातलं. यजमान गेले तशी कोकिळाही गेली, तिथे ती आता फार क्वचित दिसते, कॅनडात तिचं मूल्यमापन धोक्यात असंच झालंय. पण नाव एक झाल्यावर जगाच्या पातळीवर बघणाऱ्याला बोहेमिकस म्हणजे युरोपात भरपूर असलेली, चिंता नसलेली जात दिसते. नाव जोडणं शास्त्र म्हणून योग्य असेल, पण मग तिथल्या लोकसंख्येचा हिशोब वेगळा ठेवलाच पाहिजे, नाहीतर एका खंडावरची माशी कागदावर सुरक्षित राहून प्रत्यक्षात संपेल.

परजीवी म्हटलं की लोकांना वाटतं एक कमी झाली तर बरंच. उलट आहे. कोकिळा टिकायला यजमानाची घरटी नुसती असून चालत नाही, पुरेशी दाट असावी लागतात, कारण प्रत्येक मादीला थोड्या आठवड्यांत योग्य वयाचं घरटं सापडायला हवं आणि त्यातली पुष्कळ घुसखोरी फसणार असते. म्हणून यजमान घटायला लागले की आधी कोकिळा दिसेनाशी होते. वेस्टॅलिसचं तूर्त बरं चाललंय, टेरेस्ट्रिस भरपूर आहे, ब्रिटनमधे तर ती उत्तरेकडे सरकत स्कॉटलंडपर्यंत पोचलीये. जिथे वेस्टॅलिस दिसते तिथे आसपास टेरेस्ट्रिसची घरटी चांगली आहेत असं बिनधास्त समजावं.

एक गोष्ट मला फार दिवस खुणावतेय. १८८५ मधे क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाचं परागण होऊन बिया धराव्यात म्हणून ब्रिटनमधून न्यूझीलंडला बंबलबीच्या राण्या नेल्या, त्यात टेरेस्ट्रिस रुजली आणि आज तिथे सगळीकडे आहे. कोकिळा बंबलबी मात्र तिथे एकही नाही. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं, शंभराहून जास्त पिढ्या, तिथल्या टेरेस्ट्रिसच्या दारात वेस्टॅलिस आलेलीच नाही. दार राखणं, परका वास आला की घेरणं, यात युरोपातल्या आणि न्यूझीलंडमधल्या कामकरी आज सारख्याच वागतात का, हे कोणीतरी बंद प्रयोगशाळेत वेस्टॅलिसच्या नुसत्या वासावर, जिवंत माशी न नेता, करून बघावं अशी माझी फार इच्छा आहे, आणि कोणी केलंच तर त्याचा तक्ता मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार.